निर्मळ अन्न आणि समाईक खरेदी : एक ऐतिहासिक अवलोकन

महोत्सव अथवा ज्युबिली हा शब्द आपण ज्या पवित्र ग्रंथातून घेतला, त्या ग्रंथात त्याचा अर्थ रोषणाई, मिरवणूक व भोजन एवढाच नाही. जुन्या करारातील लेवीय नामक पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात महोत्सवी वर्षाचे नियम दिले आहेत. ते वर्ष पन्नासावे. त्या वर्षी शेत पेरावयाचे नाही. भूमीस विसावा द्यावयाचा. विकली गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबास परत करावयाची. हे नियम भाविकांनी प्रवचनांतून अनेकदा ऐकले असतील. परंतु त्याच अध्यायात आणखी दोन आज्ञा आहेत व त्यांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिली अशी की, शेजाऱ्याशी खरेदी-विक्री करताना एकमेकांस नाडू नये. दुसरी अशी की, दरिद्री झालेल्या बांधवास अन्न देताना त्यावर नफा काढू नये. म्हणजे भूमी, बाजार व गरिबाचे ताट ह्या तिन्ही गोष्टी देवाने एकाच महोत्सवाच्या नियमात गोवून ठेवल्या आहेत.

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी अंकात मंदिराचा व संस्थांचा वृत्तांत यावा हे योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र मंदिराच्या दाराबाहेरचा, किंबहुना प्रत्येकाच्या स्वयंपाकघरातला आहे. ज्यास हल्ली सेंद्रिय अन्न म्हणतात असे निर्मळ अन्न गरिबास परवडेल अशा भावात, आणि तेही पिकविणाऱ्याच्या पोटावर पाय न देता, कसे मिळावे, हा तो प्रश्न होय. हा प्रश्न आजचा वाटतो. परंतु भेसळीच्या रूपाने तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता, आणि साध्या माणसांनी त्याचे उत्तरही शोधले होते. ते उत्तर म्हणजे अनेक कुटुंबांनी एकत्र येऊन समाईक खरेदी करणे. त्या उत्तराचा इतिहास पाहिला असता कोणत्या गोष्टींनी ते टिकले व कोणत्या गोष्टींनी बुडाले हे स्पष्ट दिसते. आणि तेवढ्याकरिताच तो येथे सांगावयाचा आहे.

रॉचडेलचे अठ्ठावीस जण

इंग्लंडात मँचेस्टर शहराजवळ रॉचडेल नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे लोकरी कापड विणणाऱ्या मजुरांची वस्ती मोठी होती. यंत्रे आली, मजुरी उतरली, आणि मजुरी वाढवून घेण्याची खटपट फसली. मजुराच्या हाती जे चार पैसे येत, तेही दुकानात नीट पदरात पडत नसत. उधारीवर माल घेणारा गिऱ्हाईक दुकानदाराच्या मुठीत असे. मग वजनात काटा मारला काय, पिठात तुरटी घातली काय, त्यास बोलता येत नसे. चहात, साखरेत, पिठात, मिरपुडीत भेसळ करणे हा त्या काळी जणू एक स्वतंत्र धंदाच झाला होता. पुढे १८५१ ते १८५४ ह्या काळात डॉक्टर आर्थर हॅसल ह्यांनी सूक्ष्मदर्शक यंत्राने बाजारातील अन्न तपासून त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रात प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे ही गोष्ट सुशिक्षितांच्या ध्यानी आली. गरिबांच्या पोटास ती आधीच ठाऊक होती.

अशा स्थितीत रॉचडेलच्या अठ्ठावीस जणांनी एक संस्था स्थापन केली. त्यांत विणकर होते, लोकर निवडणारे होते, शिंपी व सुतारही होते. आठवड्यास दोन-तीन पेन्स अशा वर्गणीने त्यांनी २८ पौंड जमविले, टोड लेन नामक गल्लीतील एका वखारीचा तळमजला भाड्याने घेतला, आणि २१ डिसेंबर १८४४ च्या रात्री दुकान उघडले. विकावयास काय होते? थोडे पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि काही मेणबत्त्या. फळ्या काढल्या तेव्हा रस्त्यावरच्या पोरांनी टवाळी केली असे सांगतात. प्रथम प्रथम आठवड्यातून दोनच संध्याकाळी दुकान उघडत असे, कारण चालविणारे सारे दिवसभर कामावर असत.

वर्षअखेर, म्हणजे १८४५ साली, सभासद ७४ झाले व वर्षाची विक्री ७१० पौंड झाली. १८५० साली सभासद ६०० व विक्री १३,१७९ पौंड. १८६० साली सभासद ३,४५० व विक्री १,५२,०६३ पौंड. टवाळी करणारी पोरे तोपर्यंत मोठी होऊन बहुधा स्वतःच सभासद झाली असावीत.

हे यश दैवयोगाने आले नाही. ह्याच गावात १८३३ साली असेच एक दुकान निघाले होते व दोन वर्षांत बुडाले होते. कारण एकच, उधारी. सभासदांनी माल नेला, पैसे राहिले, आणि दुकान मेले. म्हणून नव्या मंडळींनी जे नियम केले, त्यांत रोख पैशावाचून माल द्यावयाचा नाही हा नियम अढळ ठेवला. दुसरा नियम, माल शुद्ध व वजन पूर्ण. तिसरा, ज्याचे भाग अधिक त्याची मते अधिक असे नव्हे. प्रत्येक सभासदास एकच मत, आणि स्त्रियांसही सभासद होऊन मत देता येई. चौथा, भांडवलावर व्याज मर्यादित द्यावयाचे व उरलेली बचत ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत करावयाची. पाचवा, बचतीतला एक हिस्सा शिक्षणाकरिता, पुस्तकांकरिता व वाचनालयाकरिता काढून ठेवावयाचा.

ह्यांपैकी चौथा नियम विचार करण्याजोगा आहे. माल बाजारभावानेच विकावयाचा, शेजारच्या दुकानाहून मुद्दाम स्वस्त विकावयाचा नाही, अशी त्यांची रीत होती. मग गरिबाचा लाभ कोठे? वर्षअखेर, किंवा तिमाहीस, जी बचत उरे ती खरेदीच्या प्रमाणात घरी येई. ज्या कुटुंबास एरवी एक पेनीसुद्धा बाजूस टाकणे शक्य नव्हते, त्याची शिल्लक जेवता जेवता साठू लागली. जो नफा मधल्या माणसाच्या गाठीस जात होता, तो खाणाऱ्याच्या घरी परतला. स्वस्ताई मिळाली ती माल उगवणाऱ्याचा भाव पाडून नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे.

पांढऱ्या पिठाचा मोह

१८५० साली ह्याच मंडळींच्या पुढाकाराने रॉचडेल येथे सहकारी पिठाची गिरणी निघाली. तिची एक हकीकत फार बोधप्रद आहे. गिरणीचे पीठ शुद्ध होते, म्हणून ते काहीसे काळपट दिसे. लोकांस तुरटी घातलेले पांढरेशुभ्र पीठ खाण्याची इतकी सवय झाली होती की, शुद्ध पीठच त्यांस खोटे वाटू लागले. गिऱ्हाइके कुरकुर करू लागली. गिरणीवाल्यांपुढे दोनच मार्ग होते: आपणही तुरटी घालावी, किंवा लोकांस शुद्ध पीठ ओळखावयास शिकवावे. त्यांनी दुसरा मार्ग धरला. त्यास वेळ लागला, तोटाही सोसावा लागला. पण शेवटी लोकांची जीभ व डोळे दोन्ही सुधारले.

आज आपल्या बाजारात सुद्धा हीच गोष्ट चालू नाही काय? कीड लागलेला एक दाणा दिसला की आपण सबंध वांगे टाकून देतो, आणि ज्यावर चार वेळा औषध मारले आहे ते गुळगुळीत, चकचकीत वांगे हातात घेऊन संतोष मानतो. भेंडी एकसारखी सरळ हवी, टोमॅटो एका मापाचा हवा, पेरू डागाविना हवा. पिकविणारा आपल्या डोळ्यांची ही हौस पुरवितो व तिची किंमत आपण पोटाने देतो. निर्मळ अन्न मिळविण्याचा आरंभ दुकानात नव्हे, तर आपल्या नजरेत करावा लागतो, हा रॉचडेलच्या गिरणीचा धडा होय.

कॅन्सोचे कोळी व दोन धर्मगुरू

आता जी हकीकत सांगावयाची ती आपल्या ख्रिस्तसभेतील आहे, आणि महोत्सवाशी तिचा थेट संबंध आहे.

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया प्रांतात कॅन्सो नावाचे कोळ्यांचे गाव आहे. १९२३ साली फादर जिमी टॉम्पकिन्स हे तेथे धर्मगुरू म्हणून गेले. गाव दरिद्री होते. मासळी कोळ्यांनी धरावयाची व भाव व्यापाऱ्यांनी ठरवावयाचा. जाळी, दोर व किराणा त्याच व्यापाऱ्याकडून उधार घ्यावयाचा. हंगाम संपला की हिशोबात कोळ्याच्या नावे देणेच उरावयाचे. १ जुलै १९२७ रोजी कॅनडा देशाच्या एकीकरणास साठ वर्षे झाली म्हणून सर्वत्र हीरकमहोत्सव चालू होता. कॅन्सोच्या कोळ्यांनी त्या दिवशी सभा भरविली व विचारले की, ह्या महोत्सवात आनंद मानावा असे आमच्यापाशी आहे तरी काय? हा प्रश्न पुढे वर्तमानपत्रांतून गाजला, आणि त्याच वर्षी सरकारास चौकशीसमिती नेमणे भाग पडले. पुढल्याच वर्षी, १९२८ साली, अँटिगोनिश येथील सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने लोकशिक्षणाचे एक खाते उघडले व त्याचे संचालक म्हणून फादर मोझेस कोडी ह्यांस नेमले.

ह्या दोघा धर्मगुरूंनी दानधर्माची पेटी फिरविली नाही. त्यांनी गावोगाव अभ्यासमंडळे काढली. दहा-बारा शेजारी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जमत व आपल्या पोटाचाच अभ्यास करीत: आपण पीठ कोणत्या भावाने घेतो, ते गिरणीतून कोणत्या भावाने निघते, मधला पैसा कोठे जातो, आपली शेवंड येथे काय भावाने जाते व बोस्टनच्या बाजारात काय भावाने विकली जाते. ज्यांस वाचता येत नव्हते त्यांस दुसऱ्याने वाचून दाखवावे. हिशोब समजला की कृती आपोआप सुचे. ह्या मंडळांतून समाईक भांडारे, पतपेढ्या व मासळी डबाबंद करण्याचे कारखाने उभे राहिले, आणि ही चळवळ अँटिगोनिशच्या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. फादर कोडी ह्यांचा आग्रह असा असे की, आधी शिक्षण व मग दुकान. दुकान आधी व शिक्षण मागून असा क्रम लावला तर दुकान टिकत नाही.

आपल्या देशात

हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्याच वर्षी मद्रास शहरातील ट्रिप्लिकेन भागात रॉचडेलच्या धर्तीवर ग्राहकांची एक सहकारी संस्था निघाली. १९१२ साली दुसरा कायदा होऊन पतपेढीखेरीज इतर प्रकारच्या सहकारी संस्थांसही मार्ग मोकळा झाला. ह्या कामी आपल्या धर्मगुरूंनी पुष्कळ पुढाकार घेतला होता. छोटा नागपुरात येशूसंघाचे फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन ह्यांनी मुंडा वगैरे आदिवासी बांधवांस सावकारी पाशातून सोडविण्याकरिता १९०९ साली रांची येथे कॅथोलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. ते जन्माने जर्मन असल्यामुळे पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, त्यांस देश सोडावा लागला. पण त्यांनी लावलेले रोप राहिले. आपल्या वसईत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांनी पापडी येथे कॅथोलिक सहकारी पतसंस्थेचा पाया घातला, व तीच आजची बसीन कॅथोलिक बँक होय, हे वाचकांस ठाऊकच आहे. पै-पै जमवून एकमेकांस हात देण्याची विद्या आपणांस परकी नाही. ती ह्याच मातीत शंभर वर्षांहून अधिक काळ रुजलेली आहे.

मुंबईत १९४८ साली नायगावच्या कामगारवस्तीत ‘अपना बाजार’ ह्या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या भांडाराचा आरंभ झाला. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायतीची स्थापना झाली, आणि तिने तर दुकानावाचूनच समाईक खरेदी चालवून दाखविली. तिची रीत साधी आहे. शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करितात. महिन्याच्या गरजेची यादी आगाऊ देतात. सर्व संघांचा माल एकत्र घाऊक भावाने घेतला जातो. ठरल्या दिवशी तो संघातील एकाच्या घरी उतरतो, आणि सभासद आपसांत त्याची वाटणी करितात. दुकानाचे भाडे नाही, जाहिरात नाही, नासाडी नाही. काम सभासदांनी करावयाचे म्हणून माल स्वस्त पडतो.

ह्याच्या उलट उदाहरणेही आहेत. १९६२ नंतर सरकारी भांडवलाच्या आधारे देशात ठिकठिकाणी ग्राहक भांडारे उघडली गेली. त्यांतील कित्येक पुढे निपचित पडली. पैसा वरून आला होता. सभासद नावापुरते होते. आपले दुकान अशी भावना कोणासही नव्हती. परक्याच्या पैशावर उभारलेले भांडार परक्याचेच राहते, ही गोष्ट ह्या अनुभवाने सिद्ध केली.

भेसळ दुकानातून शेतात गेली

येथपर्यंत दुकानातील भेसळीची हकीकत झाली. विसाव्या शतकात भेसळीने आपले ठिकाण बदलले. पूर्वी दुकानदार पिठात तुरटी घाली. आता पीक शेतात असतानाच त्यावर विष पडू लागले. रासायनिक खते व कीटकनाशके ह्यांनी पीक वाढले व कोट्यवधींच्या तोंडात घास गेला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु त्याची किंमत भूमीने, पाण्याने व फवारणी करणाऱ्या मजुरांनी दिली. केरळातील कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे एन्डोसल्फानची फवारणी झाली व तेथील लोकांस जे भोगावे लागले ते सर्वश्रुत आहे. अखेर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या औषधावर देशभर बंदी घातली.

भूमीचा कस भूमीतूनच राखावा हा विचार आपल्या देशाशी निगडित आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूर येथे कृषिसंशोधन करीत होते. आपल्या शेतकऱ्यांची रीत बारकाईने पाहून त्यांनी पालापाचोळा व शेण ह्यांपासून खत करण्याची जी पद्धत बसविली, ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. वसईच्या वाड्यांस तर हे कोणी शिकवावयास नको होते. विहिरीवरचा रहाट, शेणखत, पेंड व सुक्या मासळीचे खत, ह्यांवर केळी, पानवेली, भाजी व फुले पोसली जात. पुढे रहाट गेले, पंप आले, त्यामागून पोत्यांतील खते व बाटल्यांतील औषधे आली; आणि त्यानंतर कित्येक वाड्यांवर इमारतीच उभ्या राहिल्या.

निर्मळ शेतमाल समाईकपणे घेण्याची रीत पूर्णपणे बसविली ती जपानी गृहिणींनी. १९६५ साली टोकियो येथे सुमारे दोनशे स्त्रिया एकत्र आल्या व त्यांनी दुधाच्या तीनशे बाटल्या एकदम घेण्यास आरंभ केला; त्यातून सेइकात्सु क्लब ही मोठी सहकारी संस्था वाढली. १९७१ साली तेथे सेंद्रिय शेतीची संघटना स्थापन झाली, आणि तेइकेई नामक पद्धत प्रसारास आली. तेइकेई म्हणजे हातात हात घालून चालणे असे म्हटले तरी चालेल. शेतकरी व खाणारी कुटुंबे ह्यांच्यात थेट करार असतो. भाव दोघांनी बसून ठरवावयाचा. शेतात जे उगवेल ते, वाकडे असो वा डागाळलेले असो, कुटुंबांनी घ्यावयाचे. मालाची वाटणी खाणाऱ्यांनी करावयाची. आणि निंदणीच्या वा काढणीच्या वेळी शेतावर जाऊन हातभारही लावावयाचा. शेतकऱ्यास निश्चिती मिळाली म्हणून तो विषाची वाट सोडू शकला. कुटुंबांस शेत पाहावयास मिळाले म्हणून त्यांस छापील चिठ्ठीवाचून विश्वास ठेवता आला.

आपल्यापुढील प्रश्न

एवढा इतिहास सांगितल्यावर कोणी विचारील की, ह्याचा आपल्या धर्मग्रामाशी संबंध काय? संबंध असा. आपल्या एकाच मंदिरात, एकाच मिस्सेस, दोन प्रकारची माणसे शेजारी शेजारी गुडघे टेकतात. एकाची वाडी आहे. तो पहाटे उठून भाजी काढतो, ती दलालाच्या हवाली करतो आणि दलाल देईल तो भाव घेतो. दुसरा इमारतीत राहतो, लोकलने कामास जातो, आणि तीच भाजी दोन-तीन हात फिरून आल्यावर दुप्पट भावाने विकत घेतो. दोघे एकाच वेदीवरची भाकर घेतात. पण घरच्या भाकरीच्या बाबतीत मात्र एकमेकांस ओळखत नाहीत. सेंद्रिय म्हणून जे अन्न मोठ्या दुकानांतून मिळते त्याचा भाव तर असा की, ते धनिकांची चैन ठरावे. गरिबाने विष खावे व श्रीमंताने निर्मळ खावे, अशी वाटणी ख्रिस्ताच्या अनुयायांनी मुकाट्याने पाहत राहावी काय?

सेंद्रिय माल महाग का पडतो ह्याची कारणे पुष्कळशी मधल्या मार्गात आहेत. माल थोडा, म्हणून वाहतूक महाग, न खपल्यामुळे नासाडी, दुकानाचे भाडे, प्रमाणपत्राचा खर्च. समाईक खरेदीने ह्यांतील बहुतेक खर्च गळून पडतात. समजा, चाळीस कुटुंबांनी रविवारच्या मिस्सेनंतर आठवड्याची मागणी व पैसे जमा केले. शेतकऱ्यास किती जुड्या व किती किलो काढावयाचे हे आगाऊ कळले, नासाडी संपली. माल शनिवारी मंदिराच्या आवारात आला. सभासदांनी पाळीपाळीने तो वजन करून वाटला. दुकान व नोकर ह्यांचा खर्च संपला. भाव हंगामाच्या आरंभीच दोन्ही पक्षांनी ठरविलेला. बाजार पडला म्हणून शेतकरी रडावयाचा नाही, चढला म्हणून गृहिणी रडावयाची नाही. प्रमाणपत्राविषयी म्हणावयाचे तर, २०१७ सालच्या केंद्रीय नियमांनी लहान उत्पादकास आपला सेंद्रिय माल थेट खाणाऱ्यास विकताना त्यातून सूट दिली आहे. तेथे प्रमाणपत्राची जागा शेजाऱ्याच्या डोळ्यांनी घ्यावयाची आहे: महिन्यातून एकदा सभासदांनी वाडीवर जावे, खताचा खड्डा पाहावा, विचारावे व शिकावे.

ह्यावर काही आक्षेप निघतील. पहिला असा की, रोखीचा नियम गरिबास जाचक आहे. ज्याच्या हाती शनिवारपर्यंत पैसा येत नाही त्याने काय करावे? आक्षेप खरा आहे. पण रॉचडेलचे १८३३ चे दुकान दयेपोटी दिलेल्या उधारीनेच मेले, व त्यात सर्वांत अधिक नुकसान गरिबांचेच झाले. म्हणून खरेदीचा हिशोब व दानाचा हिशोब वेगळे ठेवावे. अडचणीतील कुटुंबाचे आगाऊ पैसे सेंट व्हिन्सेंट दी पॉल संस्थेने गुप्तपणे भरावे. खरेदीच्या वहीत मात्र त्या कुटुंबाचे नाव इतरांसारखेच, रोख भरलेले, असे यावे. प्रेषितांच्या काळी रोजच्या अन्नवाटपात काही विधवांची उपेक्षा होते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी प्रवचन करून भागविले नाही. त्या कामास सात विश्वासू माणसे नेमली, हे प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात नमूद आहे. अन्नाची वाटणी हे ख्रिस्तसभेच्या आरंभापासूनचे काम आहे.

दुसरा आक्षेप असा की, हे काम धर्मगुरूंचे नव्हे. त्यास उत्तर पोपमहोदयांनीच देऊन ठेवले आहे. २००९ सालच्या आपल्या परिपत्रकात सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी खरेदी ही केवळ आर्थिक नव्हे तर नैतिक कृतीही आहे असे शिकविले, आणि कॅथोलिकांच्याही पुढाकाराने एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या ग्राहक सहकारी संस्थांचा तेथे आवर्जून उल्लेख केला. २०१५ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी पृथ्वीच्या जतनाविषयी जे परिपत्रक काढले त्यातही त्यांनी ही शिकवण पुनः सांगितली. तथापि एक गोष्ट खरी: धर्मगुरूने आरंभ करून द्यावा, तागडी मात्र सभासदांनीच हाती धरावी. जे काम धर्मगुरूच्या बदलीबरोबर थांबते ते धर्मग्रामाचे काम नव्हे.

तिसरा आक्षेप मनातला आहे, तो कोणी उघड बोलणार नाही: एवढा खटाटोप कोण करील? चाळीस कुटुंबांपैकी दहाच कुटुंबे राबतील व तीस कुटुंबे नुसती पिशवी घेऊन येतील अशी भीती आहे, आणि इतिहास सांगतो की ती रास्त आहे. बहुतेक भांडारे चोरीने बुडाली नाहीत. सभासदाचा गिऱ्हाईक झाला म्हणून बुडाली. ह्यावर उपाय फादर कोडी ह्यांचाच: दुकानाआधी अभ्यास. येत्या आगमनकाळात दहा-दहा कुटुंबांनी चार वेळा जमावे. पहिल्या खेपेस आपल्या घरी महिन्यात कोणती भाजी व धान्य किती लागते ते लिहावे. दुसऱ्या खेपेस तोच माल वाडीवरून कोणत्या भावाने निघतो ते आपल्याच शेतकरी बांधवांस विचारावे. तिसऱ्या खेपेस नियम लिहावे. चौथ्या खेपेस पाळ्या वाटून घ्याव्या. एवढे झाल्यावर जी कुटुंबे उरतील तीच खरी सभासद. ती अठ्ठावीस असली तरी पुष्कळ. रॉचडेलास तेवढीच होती.

महोत्सवाची कमान उतरेल, पताका काढल्या जातील, आणि हा अंकही कपाटात जाईल. परंतु पुढल्या महोत्सवाच्या वेळी आपली नातवंडे जेव्हा विचारतील की, ह्या वर्षी तुम्ही काय केले, तेव्हा वाडीवाल्यास रास्त भाव मिळाला, मजुराच्या लेकरांच्या ताटात विषावाचून भाजी पडली, आणि त्यापायी आपल्यात कोणी कोणास नाडले नाही, असे सांगता यावे. लेवीयच्या त्या अध्यायाची पूर्तता आपल्या सामर्थ्याप्रमाणे एवढीच होऊ शकेल. पण तेवढी झाली तरी महोत्सव सार्थ झाला म्हणावयाचा.

ज्या प्रभूने पाच भाकरी व दोन मासे घेऊन हजारोंस जेवू घातले, आणि उरलेले तुकडेही वाया जाऊ न देता गोळा करविले, तो आपल्या ह्या धर्मग्रामातील पिकविणाऱ्यांस व खाणाऱ्यांस एका पंगतीस बसवो. आमेन.